लॅपटॉप बदलताना

निवृत्त माणसाने नवा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तुम्हाला काय, टायपिंगच तर करायचंय! स्वस्तातला घ्या." दुसरा म्हणतो, "एकदाच घ्यायचाय ना, मग भारीतलाच घ्या." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याने आपलं काम किरकोळ ठरवलेलं असतं आणि दुसऱ्याने आपली पेन्शन विचारात घेतलेली नसते.

मी मुलांसाठी चित्रगोष्टींच्या छोट्या पुस्तिका करते. गोष्ट लिहायची, चित्रं रंगवायची, पानं लावायची आणि छापायला द्यायची. शाळेत दरवर्षी हस्तलिखित काढायचो, त्याचंच हे पुढचं रूप. माझा लॅपटॉप २०१५चा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर रीतसर चालत नाही. लिनक्स टाकलं तर लिहिण्यापुरता तो अजून चालेल. ज्यांचं काम फक्त लिखाणाचं आहे, त्यांनी तेच करावं आणि पैसे वाचवावेत. पण रंगकामाचं काय?

माझं मत असं, की जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी पैसे घालावेत. शाळा बांधताना खिडक्या मोठ्या ठेवाव्या लागतात. बाकं दरवर्षी दोन-दोन घेता येतात. लॅपटॉपचा पडदा म्हणजे ही खिडकी. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बरेचदा '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. अशा पडद्यावर रंग फिके दिसतात, मग आपण ते उगाच भडक करतो आणि छापून आलं की डोक्याला हात लावतो! 'शंभर टक्के एसआरजीबी' असं लिहिलेला आयपीएस पडदा शोधावा.

दुसरी गोष्ट रॅम. हल्ली पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. चित्रांच्या कामाला १६ जीबी असावी. ८ जीबीचा घेणार असाल, तर आत मोकळा स्लॉट आहे ना हे आधी विचारा. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती बऱ्याच चढल्या, म्हणून हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा.

उलट एसएसडी पुष्कळ लॅपटॉपांत नंतर मोठी घालता येते. शिवाय बाहेरची हार्ड डिस्क जोडता येतेच. टचचा पडदा नसला तरी छोटी पेन टॅब्लेट जोडून चित्र काढता येतं. सॉफ्टवेअरला तर पैसेच लागत नाहीत. रंगवायला क्रिता, रेखाटनाला इंकस्केप, लिहायला लिबरऑफिस. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे देखणे फॉन्टही मोफत आहेत. हो, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं लिखाण असेल, तर जुनं यंत्र चालू आहे तोवर ते युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर नव्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसेल.

एवढं सगळं चाळीस हजारांत बसेल का? नव्यात अवघड आहे. म्हणूनच मला कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप अधिक शहाणपणाचे वाटतात. कीबोर्ड दणकट असतो आणि अनेकांत बॅटरी, रॅम बदलता येते. आपल्याकडे 'वापरलेलं' म्हटलं की नाक मुरडतात; पण वापरलेली पुस्तकं आपण आनंदाने घेतोच की! फक्त इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, नाहीतर विंडोज ११ची अडचण पुन्हा दारात. बिजागरी हलवून पाहा, सगळी बटणं दाबून पाहा, बॅटरी किती उरली आहे ते विचारा आणि वॉरंटी लेखी घ्या. पडदा मात्र इथेही तपासायचाच. कंपन्यांचे सगळेच लॅपटॉप रंगाला चांगले नसतात.

त्यासाठी दुकानात जाताना आपलं एखादं रंगीत पान पेनड्राइव्हवर न्या, आणि त्याची छापील प्रतही. दोन्ही शेजारी धरून पाहा. विक्रेता म्हणेल, "आजी, एवढं कशाला?" म्हणू दे. पैसे आपले आहेत आणि पानही आपलंच आहे.