नळी कोण पुसणार?

आपल्या कवितेत बंदूक फार झाली आहे. कुठलाही अंक उघडा, दर तिसऱ्या पानावर ठो ठो. मित्रांनो, एक साधा सवाल विचारतो. ह्यातल्या किती कवींनी बंदूक उघडून बघितलीय? तिची नळी पुसलीय? गोळी सुटली की कवितेचं काम संपतं. बंदुकीचं तिथनं सुरू होतं. जळलेल्या दारूची काजळी आत बसते, शिसं चिकटतं, पावसाळी हवा लागली की गंज धरतो. अशी बंदूक ऐन वेळी अडते, नाहीतर नको त्या वेळी सुटते. आणि सुटते ती शत्रूवर नाही. घरातल्या पोरावर सुटते.

गावठी कट्टा मिरवायची हौस असेल त्यानं हे पान फाडून विडी पेटवावी. मी परवान्याच्या शस्त्राबद्दल बोलतोय.

माझा मामा महार रेजिमेंटातनं हवालदार होऊन आला. आता एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन स्टुलावर बसतो. सुट्टीच्या दिवशी तो ती साफ करतो तेव्हा बघत बसावं. आधी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग नळीचं तोंड भिंतीकडं, बोट चापापासनं लांब, खटका दाबून बंदूक मोडायची, दोन्ही घरांत डोळा घालून बघायचं, वर बोट घालून चाचपायचं. मामा म्हणतो, "भाच्या, बंदूक रिकामी हाय असं कुणी म्हणलं तर इश्वास ठेवू नको. मी म्हणलो तरी ठेवू नको." मग नळ्या सुट्या करून गज घालायचा तो काडतुसाच्या बाजूनं, तोंडाकडनं नाही, कारण तोंडाची कड झिजली की नेम गेला. पितळी ब्रश, नळी धुवायचं औषध, मग फडकी. फडकं कोरं निघेस्तवर दुसरं फडकं. शेवटी तेलाचा नुसता हात. तेल जादा झालं तर धूळ धरतं, लाकडात मुरतं, दस्ता सडतो. कातडी खोळीत कोंबून ठेवायची नाही, खोळ ओल धरते. सगळं झालं की साबणानं हात धुवायचे, मगच भाकरीला हात लावायचा. शिसं पोटात जातं. खिळखिळं काही आढळलं तर स्वतः ठोकाठोकी करायची नाही, परवानेवाल्या कारागिराकडं न्यायची. दुरुस्तीलासुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना लागतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. मला हे लगेच कळलं. आमच्यात एक जॉबर आहे, तो चालत्या मशीनमधला कापूस हातानं काढायला लावतो. बंद केलं तर उत्पादन पडतं ना! बोटं पडली तर काय, बदलीवाला दारात उभाच असतो. आधी मशीन बंद, मग हात. आधी बंदूक रिकामी, मग फडकं. एवढं शिकायला कॉलेज लागत नाही.

आता खरी गोष्ट. ह्या देशानं आपल्याला काय काय साफ करायला लावलं? गटार, संडास, मेलेलं ढोर, गावाची वेस. सफाई म्हटलं की जात काढून आमच्या दारात येतात. मग एकाच सफाईपासनं आम्हाला हाकललं ते का? १८१८ ला कोरेगावला लढलो, तिथल्या खांबावर आमची नावं कोरली. १८९२ ला तेच सरकार म्हणालं, महार लढाऊ जात नाही, भरती बंद. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचं दार बंद, कारण धोट्याला तोंड लावून सूत ओढावं लागतं आणि आमच्या तोंडानं धोटा बाटतो. हातातलं हत्यार काढलं आणि ते राखायची विद्यासुद्धा काढली. गोपाळबाबा वलंगकरांनी, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी भरतीसाठी अर्ज केले ते काय माणसं मारायची हौस होती म्हणून?

काही शहाणे म्हणतात, बाबासाहेबांनी लेखणी दिली, बंदूक कशाला. अरे, बाप सुभेदार होता त्यांचा. १९४१ ला ते संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. पाण्यावर गार होणारी तोफच ती. पाणी घालणारा, पट्टा धरणारा, तेल बघणारा, सगळे एका हातासारखे चालले तरच चालायची. नुसत्या आवेशावर एक फैर निघाली नसती.

आणि कायदा आजही आपल्या बाजूनं बोलतो, वाचतो कोण? अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांत तिसरा नियम बघा. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं सरकारला गरज वाटली तर इतरांचे परवाने रद्द करावेत, त्यांचे नातेवाईक, नोकर, दोस्त ह्यांचेसुद्धा. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि दलित-आदिवासींना जीव आणि मालमत्ता राखायला परवाने द्यावेत. छान. पण परवाना म्हणजे कागद. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी बंदूक हातात धरली नाही त्याला कागद देऊन तुम्ही काय दिलं? तो ती गोधडीत गुंडाळून, भरलेली, आढ्याला ठेवणार. खाली पोरं झोपणार. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आलंय. त्याची फी कोण भरणार, तालुक्याला जायची मजुरी कोण बुडवणार? आणि २०१९ च्या दुरुस्तीनं वरातीत, जत्रेत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जयंतीच्या मिरवणुकीत जोर दाखवायचा विचार असलेल्यांनी हे नीट वाचावं.

म्हणून कलेक्टरकडं जो अर्ज जाईल त्यात मी तीन मागण्या घालणार. परवान्याबरोबर प्रशिक्षण फुकट, जिल्ह्याच्या ठिकाणी नाही तर तालुक्यात. शिकवायला आपलेच निवृत्त जवान, मानधनावर. आणि प्रत्येक परवानेवाल्याला कुलपाची लोखंडी पेटी सरकारी खर्चानं. मामा रविवारी शिकवायला तयार आहे, फडकी आपली आपण आणायची. अर्जाचा मसुदा तयार आहे, स्टेन्सिलवर जागा मिळाली तर पुढच्या अंकात छापू.