कर्ज मिळेल, पण मध्येच अडचण आली तर?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी फीचा हिशेब सुरू होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आपल्या इंदूरच्या पालकांनीही नीट समजून घ्यावी अशी आहे.

राष्ट्रीय क्रमवारीतील वरच्या व केंद्र सरकारच्या अशा (योजनेच्या सुरुवातीला ८६०) संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी असते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सवलत आहे. ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. उदाहरणादाखल १० लाखांचे कर्ज आणि १० टक्के दर धरला, तर वर्षाच्या एक लाख व्याजातले ३० हजार सरकार भरेल. ७० हजारांचा भार आपलाच.

यादीबाहेरच्या महाविद्यालयासाठी बँकेचे नेहमीचे शैक्षणिक कर्ज आहे; चार लाखांपर्यंत त्यालाही तारण लागत नाही. शिवाय आपल्या राज्याची मेधावी विद्यार्थी योजना बारावीत मध्य प्रदेश मंडळाचे ७० किंवा सीबीएसईचे ८५ टक्के गुण पाहून पात्र विद्यार्थ्याची फी भरते.

या साऱ्या मदतीत एक उणीव आहे. पात्रता ठरते ती प्रवेशाच्या वेळचे गुण आणि उत्पन्नाचा दाखला पाहून. पण संकट दाखला पाहून येत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, तर मागच्या वर्षीचे उत्पन्न काय कामाचे? परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस यांच्या पंधरा-वीस हजारांसाठी वर्ष वाया जाते. ब्रिटनमधील विद्यापीठांत अशा वेळेसाठी वेगळा अडचण निधी असतो. आपल्याकडे अशी सर्वत्र लागू असलेली सोय नाही.

ही उणीव समाजसंस्था काही अंशी भरून काढू शकतात. गुणगौरव समारंभ व्हावेतच. पण शिष्यवृत्ती निधीचा काही भाग वर्षभर खुला ठेवावा. अर्ज एका पानाचा असावा, निर्णय आठवड्यात व्हावा, रक्कम थेट महाविद्यालयात भरावी आणि घेणाऱ्याचे नाव कोठेही जाहीर होऊ नये. नव्वद टक्केवाल्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. साठ टक्केवाल्याचे शिक्षण सुटू नये, हे पाहणारेही हवेत.