सगळं फुकट असतं म्हणे!

परवा एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझे एक लांबचे दीर शेजारी बसले होते. माझी लेक राजस्थानातलं घर आवरून पुण्याला आली, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. जिलबी मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, तुमच्या लेकीचं बरं आहे. मिलिट्रीवाल्यांना काय, गाडी दारात येणार, जवान सामान भरणार, जवानच उतरवणार. सगळं फुकट! आम्ही एक खोली बदलायची म्हटली तर टेम्पोवाला तोंडाला येईल ते मागतो."

लग्नघर होतं, म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यावर झोप येईना. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, चुकीचं उत्तर तसंच सोडून द्यायची सवय नाही. म्हणून आज लाल शाई काढली आहे. आमची नातेवाईक मंडळीही इथे डोकावत असतात. त्यांनी जरूर वाचावं. दिरांनी वाचलं तर उत्तमच!

आधी या 'फुकट'चा हिशोब करू. बदली झाली की भत्ता मिळतो, ते मी नाकारत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर मूळ पगाराच्या ८० टक्के एवढं अनुदान मिळतं, सामान नेण्याचा खर्चही मिळतो. पण त्याला वजनाची मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत वरच्या श्रेणींना ६००० किलो आणि सगळ्यांत खालच्या श्रेणींना १५०० किलो. आता मी गणिताची बाई नव्हे, तरी विचारते, की खालच्या हुद्द्यावरच्या माणसाचं कपाट वजनाला हलकं असतं का? त्याची मुलं कमी अंथरुणात झोपतात का?

शिवाय ट्रक आपोआप दारात येत नाही. तो ठरवावा लागतो, घासाघीस करावी लागते. नव्या क्वार्टरच्या खिडक्या जुन्या पडद्यांच्या मापाच्या कधीच नसतात. नव्या शाळेचा गणवेश वेगळा. हे सगळं त्या अनुदानातूनच.

आणि हे करतं कोण? आमचे जावई पायदळात हवालदार आहेत. त्यांची पलटण फिल्डला गेली, ते आधीच पुढे गेले होते. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत लेक मागे राहिली. मग एकटीने घर बांधून पुण्याच्या क्वार्टरमध्ये यायचं होतं. फिल्डवर असलेल्यांच्या कुटुंबांसाठी अशी वेगळी क्वार्टर्स असतात, नंबर लागला तर! तिच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे तिचं सातवं घर. एवढ्या वर्षांत मी मदतीला पहिल्यांदाच गेले, हेही इथे कबूल करते.

गेले तर काय, बसायला दिवाण नव्हता! तो दिवाण म्हणजे चार काळ्या लोखंडी ट्रंका, वर गादी आणि चादर. गादी काढली की बैठक संपली, सामान भरायला सुरुवात. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने जावयांचं नाव, नंबर, युनिट. जुन्या गावाच्या नावावर काळा रंग मारून नवं नाव लिहायचं. एका ट्रंकेवर तर रंगाचा इतका जाड थर बसला होता की बोटाला उंचवटा लागत होता. फ्रिजच्या खोक्याच्या फळ्या मागच्या बदलीपासून पलंगाखाली जपून ठेवलेल्या. पुन्हा सुताराला पैसे कोण देणार? पातेल्यांमध्ये कपडे, कपड्यांमध्ये काचेचे ग्लास, आरशाला दोन्ही बाजूंनी गोधडी.

एका वहीत प्रत्येक नगाची यादी होती. एकूण २३ नग. त्यातली एक नंबरची पेटी पहिल्या रात्रीची. तिच्यात पोहे, बेसन, तिखट-मीठ, हातोडी, खिळे, दोन बल्ब, मुलांची पांघरुणं, विजेची छोटी शेगडी. गॅसचं कनेक्शन परत करून कागद घेतलेला असतो, नवा सिलिंडर कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून शेगडी. मी आयुष्यभर शाळेत नियोजनाचे तक्ते केले, पण इतकी नीट वही मी लिहिली नाही.

मग क्वार्टर परत द्यायचं. पंखे, नळ, दिवे, काचा मोजून घेतात. एक काच तडकलेली निघाली. ती हिच्या आधीच्या बिऱ्हाडापासूनची होती, पण ताब्यात घेताना लिहून ठेवायची राहिली, त्यामुळे पैसे हिने भरले. तुळस शेजारणीला दिली. लोणच्याची बरणी मात्र रेल्वेत मांडीवर.

आता माझी चूक सांगते. पाचवीतल्या नातीचा एक खोका होता, वर लिहिलेलं 'हात लावू नये'. मी उघडला. आत बाटल्यांची झाकणं, तुटकी पट्टी, मैत्रिणींच्या चिठ्ठ्या. म्हटलं, "हा कचरा कशाला न्यायचा? टाकून दे." पोर काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. लेक म्हणाली, "आई, तेवढा राहू दे. तिची सायकल विकली, कपाट देऊन टाकलं, तेव्हा ती रडली नाही. तीन छावण्यांमधल्या मैत्रिणी आहेत त्यात."

मी खोका बंद केला. वहीत तो तेविसावा नग.

त्या रात्री मला माझीच शाळा आठवली. वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन कुणी मूल आलं की आम्ही कुरकुरायचो. हजेरीपटात शेवटी नाव, वर्गात शेवटचा बाक. "आता याचा मागचा अभ्यास कोण करून घेणार?" हे मी त्या मुलासमोर म्हटलेलं आहे. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कायद्याने मुलाला वर्गात घेतलं. पुढचा बाक मात्र कायदा देत नाही, तो बाईंनी द्यायचा असतो.

दुसरी चूक याहून मोठी. लेकीला मी हट्टाने डी.एड. करायला लावलं. पुढे फोनवर ऐकवत राहिले, "शिक्षण वाया घालवलंस." काय वाया घालवलं तिने? प्रत्येक राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी, भाषा वेगळी. मिळेल तिथे कंत्राटावर शिकवते, दोन-तीन वर्षांत पुन्हा पहिल्या पायरीवर. आमच्या जिल्हा परिषदेच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असतं, पण ते राज्याच्या वेशीपर्यंत. आणि जिला कायम नोकरीच नाही, तिचं एकत्रीकरण कशाशी करणार?

करायचं म्हटलं तर सरकारला करता येतं बरं का! पूर्वी दुसऱ्या राज्यात गाडी नेली की वर्षभरात तिथली नोंदणी, तिथला कर. सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा नंबर निघाला, सैन्यातल्या माणसांना तो घेता येतो. एकच नंबर सगळ्या देशात चालतो. छान झालं. पण मग मोटारीला जे मिळालं ते बाईच्या पात्रतेला का मिळू नये? एका राज्यात पात्र ठरलेली शिक्षिका सीमा ओलांडली की अपात्र कशी होते?

आपला सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, त्यांचं स्मारक आहे. त्यापुढे आपण हात जोडतो, जोडायलाच हवेत. पण गणवेशातल्या माणसाला सलाम करून त्याच्या बायकोला "तुमचं काय, सगळं फुकट" म्हणायचं, हा कुठला अभिमान?

तेव्हा मंडळी, एवढंच करा. घरातलं कुणी बदलीवर निघालं तर फुकटाचा हिशोब काढू नका. जमलं तर चार दिवस जा. भाकऱ्या थापा, मुलं सांभाळा, सुतळी बांधा. आणि पोरांच्या खोक्यात काय आहे ते उघडून पाहू नका.

दीर, पुढच्या बदलीला तुम्हीही चला. ट्रंका उचलायला माणूस लागतोच. जेवण फुकट!