नावाआधी लागलेला भाव

वऱ्हाडातील माणसाला प्रतवारीचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. १९७२ साली सुरू झालेली आणि आता इतिहासजमा झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ज्यांनी पाहिली, त्यांना ग्रेडरच्या एका शब्दावर गाडीभर कापसाचे भाग्य कसे ठरत असे, हे चांगले ठाऊक आहे. आधी प्रत, मग भाव, हा बाजाराचा साधा नियम आहे. मात्र हा नियम पार उलटा करून चालणारा एक बाजार आज जगात तेजीत आहे आणि तो जिवंत कोळ्यांचा आहे. या बाजारात ज्या प्राण्याला शास्त्राने अद्याप नाव दिलेले नाही, त्याच्यावर ग्राहकाची उडी अधिक पडते. ‘जाती अज्ञात’ अशी चिठ्ठी डबीवर असणे हे तेथे मालाचे वैगुण्य न ठरता त्याचे भूषण ठरते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कोळ्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय प्राणिशास्त्राचा आहे तितकाच तो मालमत्तेचा, माहितीचा आणि सार्वजनिक खर्चाचाही आहे. शिवाय मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस तो परका मानता येणार नाही.

घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी आपण रोज पाहतो. येथे प्रश्न आहे तो त्याच्या फार जुन्या भाऊबंदांचा. हे कोळी अंगाने जाड व केसाळ असतात. त्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे न मिटता कुदळीसारखे वरून खाली उतरतात, आणि श्वसनासाठी त्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. टॅरांट्युला या नावाने ओळखले जाणारे मोठे कोळी याच गटातले, आणि जमिनीत नळीसारखे बीळ करून त्यावर रेशीम व मातीचे झाकण बसविणारे, इंग्रजीत ज्यांना ट्रॅपडोअर म्हणतात तेही याच गटातले. झाकण असे बेमालूम बसते, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बीळ दिसू नये. रात्री भक्ष्याची चाहूल लागताच झाकण उघडते, झडप पडते आणि पुन्हा सारे शांत होते.

असे कोळी काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत जुना आहे. आता तो आशियातही रुजला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कोळी, विंचू आणि त्यांच्या वर्गातील तब्बल १,२६४ जाती, ६६ कुलांतील, जागतिक व्यापारात आढळल्या. त्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या कक्षेत येणाऱ्या जाती दोन टक्क्यांच्या आसपासच होत्या. आपला देशही या व्यवहारापासून अलिप्त नाही. जुलै २०२१ मध्ये पोलंडहून आलेल्या एका टपाल-पार्सलात चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना चंदेरी कागदात व कापसात गुंडाळलेल्या कुप्यांमधून १०७ जिवंत कोळी सापडले. पार्सल उघडल्यावर अधिकाऱ्यांपुढे पहिला प्रश्न कायद्याचा नव्हताच. हे कोळी कोणते, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करावे लागले. त्यांनी प्रजाती सांगितल्यावरच कायद्याचे पाऊल पुढे पडले आणि कोळ्यांची रवानगी परत पोलंडला झाली.

ओळख पटविणे हे वाटते तितके सोपे काम नाही. छंदिष्टाची पहिली चूक रंगावर विसंबण्याची असते. कोळ्याचा रंग प्रत्येक कात टाकल्यानंतर पालटतो आणि स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्यात तो विटून जातो. झाकणाच्या बिळावरूनही निश्चित निदान होत नाही, कारण झाकण करण्याची कला एकाहून अधिक कुलांना साधलेली आहे. इडिऑपिडी कुलातील कोळ्यात आठ डोळ्यांपैकी दोन अगदी पुढे, कपाळाच्या कडेला आलेले असतात आणि जबड्यावर माती उकरण्यासाठी काट्यांची दंताळी असते. कोनोथेले या प्रजातीत तिसऱ्या पायाच्या नळीवर खोगिरासारखा खळगा दिसतो. बॅरिकेलिडी कुलातील कोळी दिसायला यांच्यासारखेच असले, तरी त्यांच्या पावलांना केसांचे झुबके असतात. या कुलातील सॅसन ही प्रजाती तर जमीन सोडून झाडाच्या सालीवर घर करते आणि त्या घराला एक नव्हे, दोन दारे ठेवते! केवळ ‘झाकणवाला’ म्हणून यांतल्या सर्वांना एका नावाने विकणे म्हणजे सूत लांब की आखूड हे न पाहता सगळ्याच कापसाला एक प्रत देण्यासारखे आहे.

कुलापर्यंत पोचल्यावरही जातीचा उलगडा बाकीच राहतो. त्यासाठी प्रौढ नराच्या स्पर्शपादाच्या टोकाचा अवयव आणि मादीच्या शरीरातील शुक्रकोष सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नर प्रौढ झाला की बीळ सोडून मादीच्या शोधात हिंडतो आणि थोड्याच काळात मरतो. त्याचे रूपही मादीहून पुष्कळदा निराळे असते. त्यामुळे एकाच जातीच्या नर-मादीस दोन नावे मिळाल्याची उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासात आहेत. येथे छंदिष्टाच्या हाती एक साधन असते, ते शास्त्रज्ञालाही सहज लाभत नाही. पिलापासून प्रौढावस्थेपर्यंत त्याने प्राणी सांभाळलेला असतो, आणि मादीने टाकलेल्या प्रत्येक कातीत शुक्रकोषाचे अस्तर शाबूत असते. प्राण्याला इजा न करता ओळख पटविण्याचा याहून उत्तम पुरावा नाही. अट एकच, की तो प्राणी कोठला, हे लिहिलेले असले पाहिजे. स्थळाची चिठ्ठी नसलेली कात शास्त्राला निरुपयोगी असते.

ही चिठ्ठी हरवल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडसाठ्यात सापडलेल्या एका निळ्याभोर कोळ्याचे वर्णन पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ साली केले आणि त्यास पोएसिलोथेरिया मेटॅलिका हे नाव दिले. लाकडाबरोबर तो कोणत्या अरण्यातून आला, हे कोणास ठाऊक नव्हते. पुढे शंभर वर्षे तो कोणास दिसला नाही. २००१ च्या सुमारास नंद्याळ-गिद्दलूरच्या पट्ट्यातील जंगलात त्याचा पुन्हा शोध लागला आणि काही वर्षांतच तो परदेशी छंदिष्टांच्या पेट्यांतून मिरवू लागला. त्याचे ज्ञात वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान असल्याने २००८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. या संपूर्ण प्रजातीचे नाव सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात यावयास २०१९ साल उजाडले. बाजार आधी पोचला, संरक्षण मागाहून आले.

दुसरे उदाहरण थायलंडचे. ‘इलेक्ट्रिक ब्लू’ या व्यापारी नावाने विकला जाणारा एक कोळी २०२३ साली चिलोब्रॅकिस नाटॅनिचारम या नावाने शास्त्रात दाखल झाला. म्हणजे बारशाआधीच तो दुकानात होता. या नावाचा मान लिलावाने देण्यात आला आणि आलेले पैसे तेथील लाहू आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी व गरीब कर्करुग्णांसाठी देण्याचे ठरले. हेतू स्तुत्यच आहे. परंतु जीवसृष्टीला नाव देण्याच्या कामाकडे धनिकांचे लक्ष लिलावाच्या वाटेनेच वळावे, यातून हे काम समाजाच्या हिशेबात कोठे बसते, तेही उघड होते.

छंदिष्टांची बाजू येथे न्यायाने ऐकली पाहिजे. ते म्हणतात, पेटीत पैदास झाली की जंगलातून आणण्याची गरज उरत नाही. पुरवठा वाढला की भाव उतरतो आणि भाव उतरला की चोरट्याचा नफा आटतो, हे अर्थशास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. परंतु हा युक्तिवाद वेगाने वाढणाऱ्या प्राण्यांना लागू पडतो. झाकणाच्या बिळातील मादी अत्यंत संथ आयुष्य जगते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून नोंद ठेवलेली ‘सोळा क्रमांकाची’ मादी एकाच बिळात ४३ वर्षे जगली आणि २०१६ साली गांधीलमाशीच्या हल्ल्याने गेली. अशा प्राण्याची पैदास करून विकण्यापेक्षा तो खणून आणणे व्यापाऱ्याला केव्हाही स्वस्त पडते. प्रौढ मादी उचलणे म्हणजे व्याज न घेता मुद्दलच काढून घेणे होय, आणि ते मुद्दल पुन्हा उभे राहण्यास वर्षानुवर्षे लागतात.

कायदा काहीच करीत नाही, असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसमधील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी, असा नियम २०२४ साली झाला. अभयारण्यातून परवानगीवाचून काहीही उचलणे हा तर पूर्वीपासूनच गुन्हा आहे. परंतु अनुसूची म्हणजे अखेर नावांची यादी. ज्याला नाव नाही, तो यादीत येणार कसा? जमिनीत बीळ करणारे आपले बहुतेक कोळी या यादीबाहेरच आहेत. गुन्हेगाराला पळवाट शोधावी लागत नाही, आपल्या अज्ञानानेच ती त्याला आयती मिळते.

म्हणून प्रश्न येतो तो ओळख पटविणाऱ्या माणसांचा. पोकॉकचा ग्रंथ १९०० सालचा. पुण्यातून दीर्घकाळ काम केलेल्या बी. के. टिकादर यांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ सालचे. त्यानंतरही शोध थांबलेले नाहीत. मुंबईचे नाव धारण करणारा इडिऑप्स बॉम्बेएन्सिस २००५ साली, तर आरे वसाहतीच्या नावाचा हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस २०१४ साली नोंदला गेला. महानगराच्या अंगणात असे कोळी अनोळखी राहू शकतात, तर सातपुड्याच्या रांगांत काय असेल, याची कल्पना करावी. सुदैवाने आपल्या जिल्ह्याला या विद्येची परंपरा आहे. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयातील कोळी संशोधन प्रयोगशाळेचे नाव अनेक शोधनिबंधांवर आढळते. तालुक्याच्या गावी, कापसाच्या व तुरीच्या शेतांमध्ये बसून असे काम होऊ शकते, हे तिने सिद्ध केले आहे.

तथापि एखाद्या अध्यापकाच्या जिद्दीवर सारा भार टाकून शासनाने स्वस्थ बसणे योग्य नाही. नाव देण्याचे काम हे सार्वजनिक हिताचे काम आहे. त्याचा लाभ सर्वांना होतो, म्हणूनच कोणीही एकटा त्याचे मोल देत नाही. अशा वेळी खर्च समाजाने उचलावा, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. विद्यापीठांत वर्गीकरणशास्त्राची पदे भरली जावीत. जिल्ह्याला निदान एक नमुनासंग्रह असावा. छंदिष्टांनी काती, तारीख व स्थळासह, तेथे जमा कराव्यात. जे छंदिष्ट खरोखर ज्ञानोत्सुक आहेत, त्यांची परीक्षा याच अटीवर होईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करावयास सांगितले आहे. त्यांत वाघ-बिबट्यांबरोबर बांधावरच्या व नाल्याकाठच्या बिळांनाही जागा मिळावी. मात्र नेमके ठिकाण संग्रहाच्या कुलपात राहावे आणि जाहीर करताना तालुक्यापलीकडे जाऊ नये, एवढी दक्षता आवश्यक आहे. शोधनिबंधातील पत्ता चोराला वाटाड्या ठरू नये.

शिक्षक आणि विद्यार्थी यांनी ही बाब केवळ प्राणिशास्त्र विभागाची मानू नये. पावसाळ्यात सहलीस जाणाऱ्या वर्गाने बीळ न खणता त्याचे छायाचित्र, मोजमाप आणि तारीख एवढे जरी वहीत लिहून आणले आणि ती वही जाणकारापर्यंत पोचविली, तरी मोठे काम होईल. आपल्या मातीत काय आहे, याचा हिशेब आपण ठेवला नाही, तर तो परका व्यापारी ठेवील, आणि त्याच्या वहीत नावाचा रकाना कोरा असला तरी किमतीचा रकाना मात्र भरलेला असेल.