गाडीची गळती, संसाराची गळती

मालवण-कुडाळ भागात जुन्या जीप-टेम्पोवर कितीतरी घरांची चूल पेटते. अशी गाडी रोज पाणी मागू लागली, की बाटली ओतून दिवस ढकलू नका, असे आम्ही बांधवांना कळकळीने सांगतो. पाणी कुठेतरी गळत असतेच. खाऱ्या हवेने रेडिएटर व क्लिपा गंजतात, जुने रबरी पाइप चिरतात. इंजिन थंड झाल्यावर सांधे, रेडिएटर व वॉटर पंप तपासा. हिरवट-पांढरा डाग ही गळतीची खूण. इंजिन गरम असताना झाकण मुळीच उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते. हळद टाकण्याचा उपाय गॅरेज गाठण्यापुरताच. पुढे तिने बारीक नळ्या तुंबतात. विहिरीच्या मचूळ पाण्याने आत क्षार धरतात. त्याऐवजी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मे-निम्मे भरा. बाहेर गळती दिसत नाही, पण पाणी कमी होते, सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झाले, तर हेड गॅसकेटची शंका घेऊन गाडी उभी करा. पाइप थोडक्यात बदलून होतो. फोंडा घाटात इंजिन बसले, तर मुलांच्या फीचे पैसे गॅरेजात जातात आणि वर कर्ज होते.