खिडक्या कोणाच्या आणि मांडणी कोणाची?

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण लगेच पान बंद करू नका. लिनक्स-युनिक्सशी काडीचंही देणंघेणं नसलेल्या माझ्या आत्या, मावश्या आणि वहिन्या इथे डोकावतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी अधूनमधून खुलासा करत जाईन. ब्लॉगवाल्या दोस्तांनी तेवढा भाग गाळला तरी चालेल. :)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या संगणकावर आपण विंडो मॅनेजर बसवतो तेव्हा त्या माणसाच्या टेबलावर काय कुठे राहील हे आपण ठरवत असतो. त्यामुळे तिथे आपल्या आवडीला जागा नाही. आणि दुसरं, डोंबिवली-कल्याणपासून ठाण्यापर्यंत घराघरांत पडलेले जुने संगणक भंगारवाल्याकडे जाण्याआधी हा उद्योग कोणीतरी करायलाच हवा.

आता खुलासा. विंडोज वापरणाऱ्याला खिडकी, तिच्या वरची पट्टी आणि कोपऱ्यातली फुली हे सगळं एकच प्रकरण वाटतं. युनिक्सच्या जगात तसं नाही. १९८४ साली एमआयटीमध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीमचं काम सुरू केलं आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, तीच एक्स-इलेव्हन. पडद्यावर चित्र काढायचं, कीबोर्ड आणि माऊसकडून निरोप घ्यायचे, एवढंच तिचं काम. खिडकी कुठे उघडावी, तिला चौकट असावी का, कोणती वर आणि कोणती खाली, यातलं काहीही एक्स ठरवत नाही. साधनं आम्ही देतो, धोरण तुमचं तुम्ही ठरवा, असा तो सगळा विचार. धोरण ठरवणारा जो वेगळा, साधासा प्रोग्राम असतो तो विंडो मॅनेजर. तो न लावता एक्स सुरू करून पाहा. खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसते. तिला ना पट्टी, ना फुली. हलवू म्हटलं तर हलत नाही.

गाडीच्या डब्याचं उदाहरण घेऊ. डबा रेल्वेने दिला, बाकं दिली. पण तिघांच्या बाकावर चौथी सीट द्यायची की नाही, बॅगा वर कशा रचायच्या, डोंबिवलीला उतरणाऱ्याने कधीपासून उठून दाराकडे सरकायचं, हे रेल्वेच्या कुठल्याही नियमात नाही. ते डब्यातली मंडळी ठरवतात, आणि डब्यागणिक रीत बदलते. विंडो मॅनेजर म्हणजे ती रीत.

अशा रीती ढिगाने आहेत. टॉम लास्ट्रेंजने १९८७ मध्ये लिहिलेला टीडब्ल्यूएम, १९९३ मधला रॉबर्ट नेशनचा एफव्हीडब्ल्यूएम, ब्लॅकबॉक्समधून २००१ मध्ये फुटलेला फ्लक्सबॉक्स, त्याच घराण्यातला ओपनबॉक्स. मग २००६ चा डीडब्ल्यूएम आणि २००९ चा आय-थ्री. या शेवटच्या दोघांची तऱ्हा निराळी. ते खिडक्या एकमेकींवर चढू देत नाहीत, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसवतात. आमच्या वन रूम किचनवाल्यांना हे लगेच कळावं, इंचभरही जागा वाया नाही! मी स्वतः हेच वापरतो. माऊसला हात लावावा लागत नाही आणि काम भराभर होतं.

आणि नेमका इथेच माझा मुद्दा येतो. मला जे सोयीचं ते माझ्या काकांना सोयीचं नाही.

आमचे काका डोंबिवली पूर्वेला राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब आणि मराठीतल्या नोटिसा ते वर्षानुवर्षं घरच्या संगणकावर करतात. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी नोंदणी केली त्यांना आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो काकांच्या यंत्रात नाही. जवळच्या एका दुकानदाराने एका शब्दात निकाल लावला, "भंगार." काका मला म्हणाले, "अरे, यंत्र चालतंय की! मग भंगार कसं?" मला वाटतं, प्रश्न अगदी रास्त होता. आणि त्यात फक्त पैशांचा प्रश्न नव्हता. या वयात एक गोष्ट आपली आपल्याला येते, कोणाला विचारावं लागत नाही, याचा माणसाला केवढा आधार असतो! नवं यंत्र, नवा पडदा, नव्या जागा म्हणजे तो आधार काढून घेणं.

"काका, लिनक्स टाकून बघू का?" मी विचारलं. "टाक. पण मला परत शाळेत घालू नकोस," हे उत्तर. म्हटलं तर गंमत, पण सगळी अट त्यात आली.

तर मग रचना काय? डेबियन, त्यावर एक्स आणि ओपनबॉक्स. यंत्र चौसष्ट बिटचं होतं म्हणून जमलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने बत्तीस बिटच्या जुन्या प्रोसेसरांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे. तसं यंत्र असेल तर डेबियन १२ वर जून २०२८ पर्यंत काढता येतील.

पुढची मांडणी म्हणजे थोड्या ओळींची एक फाईल. डॉट एक्स-इनिट-आरसी नावाच्या या फाईलमध्ये सुरुवातीला कोणकोणते प्रोग्राम मागे चालू ठेवायचे ते लिहायचं (खालची पट्टी, कळफलक, आवाज) आणि त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'अँड'ची खूण टाकायची. ती राहिली तर तो प्रोग्राम संपेपर्यंत पुढची ओळ चालतच नाही. शेवटच्या ओळीत एक्झेक लिहून विंडो मॅनेजरचं नाव. तो बंद झाला की सत्र संपलं. ओपनबॉक्समध्ये मागचे प्रोग्राम त्याच्या ऑटोस्टार्ट फाईलमध्येही ठेवता येतात. एवढंच आहे हो! गूढ काही नाही.

खरी अक्कल लागते ती त्यानंतर. ओपनबॉक्स जसा येतो तसा त्यात चार डेस्कटॉप असतात आणि मोकळ्या जागेवर माऊसचं चाक फिरवलं की तो पुढच्या डेस्कटॉपवर जातो. माझ्यासारख्याला हे वरदान. पण काकांच्या बाजूने बघा. बोट चुकून चाकाला लागलं आणि वर्षभराचा हिशेब पडद्यावरून गायब! शीर्षकाच्या पट्टीवर चाक फिरलं तर खिडकी चटईसारखी गुंडाळली जाते, हा आणखी एक चमत्कार. हे दोन्ही काढून टाकलं. डेस्कटॉप एकच. प्रत्येक खिडकी पूर्ण पडदाभर उघडेल असा नियम. मेनूत पाचच ओळी, त्याही मराठीत: हिशेब, नोटीस, फोटो, इंटरनेट, संगणक बंद करा.

मराठीत म्हटलं, तर त्यातही एक खोच आहे आणि ती आपल्यासारख्यांनीच तपासायला हवी. फ्लक्सबॉक्स, डीडब्ल्यूएम ही मंडळी अक्षरं काढायला एक्सएफटी वापरतात. ते एकामागून एक चिन्हं मांडत जातं, देवनागरीची जुळवाजुळव त्याला येत नाही. मग 'हिशेब' मधली ह्रस्व वेलांटी ह च्या मागे जाऊन बसते आणि 'विठ्ठल' मधल्या ठ्ठ चे तुकडे पडतात. ओपनबॉक्स आणि आय-थ्री पँगो वापरतात, त्यांच्याकडे जोडाक्षरं नीट येतात. लोहित देवनागरीसारखा फाँट टाकला की काम झालं. इंग्रजीत लिहिलेल्या 'हलका विंडो मॅनेजर कोणता' छापाच्या लेखांत ही कसोटी सहसा नसते, कारण लिहिणाऱ्याला तिची गरजच पडत नाही. ज्याने आयुष्यभर शुद्धलेखन सांभाळलं त्याला त्याच्याच फाईलचं नाव मोडकंतोडकं दाखवायचं? मला नाही पटत. त्यापेक्षा चार मेगाबाइट जास्त गेले तर जाऊ देत.

मेगाबाइटवरून आठवलं. विंडो मॅनेजर हलका केला की संगणक धावायला लागतो, हा एक लाडका समज आहे. अर्धा खरा. जुन्या यंत्राला अवजड डेस्कटॉपपासून सुटका मिळते हे नक्की, पण खरा खादाड ब्राउझर असतो, आणि तो कुठल्याही विंडो मॅनेजरखाली तेवढंच खातो. म्हणून रॅम वाढवणं आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हा खर्च करावा. नव्या संगणकापुढे तो किरकोळच.

आता विरुद्ध बाजू. ज्याच्या सगळ्या फाईली युनिकोडपूर्व जुन्या मराठी फाँटांत अडकल्या आहेत, ज्याचा प्रिंटर लिनक्सला दाद देत नाही, किंवा ज्याचं पोट एखाद्या विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रामवर आहे, त्याच्यामागे लागू नये. आधी या तीन गोष्टी विचाराव्यात, मगच पेन ड्राइव्ह काढावा. तत्त्वासाठी दुसऱ्याचं काम अडवणं याला मी तरी सेवा म्हणणार नाही.

कोणी असंही म्हणेल, एक्सचेच दिवस भरत आले, आता वेलँड आहे, मग हा उपद्व्याप कशाला? बरोबर आहे. गनोमने सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीपासून एक्सचं सत्र मुळातच बंद ठेवून दिलं. वेलँडमध्ये चित्र काढणारा आणि धोरण ठरवणारा एकच असतो. पण रीत सुटलेली नाही. ओपनबॉक्सच्या वळणाचा लॅबडब्ल्यूसी तिथे आहे, आणि त्याच्या मांडणीच्या फाईलीही ओपनबॉक्सच्याच धर्तीच्या. रास्पबेरी पायवाल्यांनी ऑक्टोबर २०२४ पासून तोच घेतला. म्हणजे आज केलेली मेहनत उद्या बरीचशी नेता येईल.

माझी कसोटी मात्र साधी आहे आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. मी ठाण्यात, संगणक डोंबिवलीत. अंतर फार नाही, पण संध्याकाळी सहाला ठाण्याहून कर्जत-कसारा गाडी ज्याने पकडली आहे त्याला ते विचारा! त्यामुळे जे फोनवरून तीन वाक्यांत सांगता येत नाही ते त्या पडद्यावर नको. सुंदर पारदर्शक खिडक्या नकोत, माझे लाडके शॉर्टकट नकोत. आणि यंत्राशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद हवा: काय दाबलं की काय होतं, अडलं तर काय करायचं. अर्धा दिवस इन्स्टॉल करण्यात घालवणारे पुष्कळ भेटतात, हा कागद लिहायला अर्धा तास देणारे फार थोडे. माझ्या मते विंडो मॅनेजर बसवण्याच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास तोच.

धोरण तुमचं तुम्ही ठरवा, असं एक्सने चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं. त्यातले 'तुम्ही' म्हणजे पासवर्ड ठाऊक असलेला भाचा-पुतण्या, असा सोयीस्कर अर्थ आपण लावून घेतला आहे. समोरच्या खुर्चीत रोज बसणारा माणूस, असा तो लावून पाहा.

असो. तुमच्या घरी असं एखादं यंत्र माळ्यावर असेल तर कळवा. आणि ज्या आत्या-मावश्या इथपर्यंत वाचत आल्या, त्यांनी आपापल्या भाच्यांना हा लेख जरूर दाखवावा. :)