कोटेशनमधून ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द आधी काढून टाका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक ओली गादी काट्यावर टांगून दाखवली. बऱ्याच जणांना ते गमतीचं वाटलं असेल. मला त्यामागची गोष्ट सांगायची आहे, कारण त्या गादीपायी एका चांगल्या कारागिराचं वर्षभराचं गणित बिघडलं.

मालवणकडचा आपला एक प्रशिक्षणार्थी आहे. रिक्षाच्या सीटा, टेम्पोचे हूड, हॉटेलातले सोफे अशी कामं करतो. हात इतका साफ की शिलाई बघून मशीनवाल्याने फोटो काढून ठेवावा. दिवाळीआधी त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली: पर्यटकांच्या उघड्या बोटींसाठी बसायच्या गाद्या. त्याने चांगला जाड फोम घेतला, वर भारी रेग्झिन, खाली प्लायवुड, चारही बाजूंनी ताणून पिना मारल्या. कोटेशनवर लिहिलं, ‘१०० टक्के वॉटरप्रूफ, १ वर्ष गॅरंटी’. नाताळची गर्दी ओसरली आणि बोटमालकाचा फोन आला. गाद्यांना कुबट वास येतोय, शिवणीवर काळे ठिपके आलेत, आणि माणूस बसला की पँट ओली होते. ऊन कडकडीत असलं तरी.

त्याचा प्रश्न साधा होता. “सर, रेग्झिन वॉटरप्रूफच असा, तरी पाणी खंयसून येता?”

उत्तर त्याच्याच हातात होतं. सुईत.

रेग्झिनमधून पाणी जात नाही, हे खरं. पण शिवलेल्या गादीला शेकडो भोकं असतात. सुईचं प्रत्येक भोक, पिनेचं प्रत्येक भोक, चेनची पूर्ण लांबी. त्यात एक खोडी आणखी आहे. दुपारच्या उन्हात गादी तापते, आतली हवा फुगते आणि शिवणीतून बाहेर पडते. मग लाट उडते किंवा खलाशी बादलीभर पाणी मारतो, गादी एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि शिवणीवर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे तुमची ताणून भरलेली गादी दिवसभर पंपासारखं काम करत असते. आत जायला वाट आहे, पण बाहेर यायला? वर प्लास्टिकचा थर, खाली प्लायवुड. वाफ होऊन उडायची सोयच नाही.

किती पाणी राहतं याचा हिशोब करून बघू. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, तीन इंच जाड गादी घ्या. तिचं आकारमान साधारण ५० लिटर होतं. ३२ घनतेचा फोम असेल तर कोरडं वजन दीड-पावणेदोन किलो. नेहमीचा सोफ्याचा फोम उघड्या छिद्रांचा असतो, स्पंजच म्हणा ना. त्याचा फक्त पाचवा भाग पाण्याने भरला तरी १० किलो पाणी झालं. अशा दहा गाद्या म्हणजे बोटीत विनातिकीट दीड माणूस बसलाय!

आणि हे पाणी खारं असतं, हा मुद्दा सोफा-सीटवाल्यांच्या लक्षात येत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते ते घरी सगळ्यांनी पाहिलंय. गादीत मीठ राहिलं तर ती वाळली असं वाटलं तरी रात्रीच्या दमट हवेत परत ओली होते. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि मग वाळवायचं. उलट करून उपयोग नाही.

बुरशीला आणखी काय हवं? ओल, ऊब आणि थोडं खाणं. खाणं म्हणजे धूळ, घाम, लोकांच्या अंगाला लावलेलं सनस्क्रीन, सांडलेला सरबताचा थेंब, कॉटनचा दोरा, रेग्झिनच्या पाठीमागचं सुती कापड. ओल तशीच राहिली तर एक-दोन दिवसांतही बुरशी धरायला लागते. एकदा रेग्झिनवर गुलाबी डाग उमटला की तर घासत बसूच नका. तो वरचा मळ नसतो. आत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग प्लास्टिकमध्ये मुरून वर आलेला असतो. ब्लीच मारलं तर डाग तसाच राहतो, वरचा थर कडक होतो आणि शिवणीचा दोरा कमजोर होतो. मी ग्राहकाला स्पष्ट सांगेन की हे कव्हर गेलं.

आता माझं मत.

आपल्याकडचे कारागीर या अडचणीवर एकच उपाय करतात, आणखी बंद करा. शिवणीवर टेप लावा, सिलिकॉन भरा, फोमला पॉलिथिनमध्ये पूर्ण गुंडाळा. मला हा सगळा प्रकार चुकीचा वाटतो. पिशवीला एक पिन लागली की तीच पिशवी पाणी धरून ठेवते. बोटीच्या गादीत पाणी जाणारच, हे धरून चाला. गेलेलं पाणी बाहेर कसं येईल, याचे पैसे घ्या. कौलांचं घर बांधणारा गवंडी पाऊस अडवून धरत नाही, त्याला उतार देतो. तसंच आहे हे.

प्रत्यक्षात काय बदलायचं? सगळ्यात जास्त फरक खालच्या बाजूने पडतो. गादीच्या तळाला रेग्झिन लावूच नका, जाळी लावा, पीव्हीसी लावलेली पॉलिस्टरची. प्लायवुड असेल तर त्याला भोकं पाडा, आणि भोकांच्या कडांना, कापलेल्या बाजूंना रंग किंवा इपॉक्सी द्या, नाहीतर प्लायच पाणी पिऊन फुगेल. बोटीची फळी सपाट असेल तर गादीखाली दोन पट्ट्या ठोका, हवा खेळायला जागा मिळते. मी पाहिलेल्या कित्येक गाद्यांना तळाला भोकं होती, पण गादी सपाट फळीवर चिकटून बसलेली. मग ती भोकं असून काय उपयोग?

फोमचे दोन रस्ते आहेत. एक, बंद छिद्रांचा फोम, ज्यात पाणी शिरतच नाही. तो बसायला थोडा टणक लागतो, आणि पांढरा पॅकिंगचा स्वस्त प्रकार घेतला तर काही महिन्यांत दबतो, तेव्हा क्रॉसलिंक्ड मागा. दुसरा, मोठ्या उघड्या छिद्रांचा, ज्याला बाजारात ‘क्विक ड्राय’ म्हणतात. त्यातून पाणी चाळणीसारखं निघून जातं. हा महाग असतो, नेहमीच्या फोमपेक्षा बराच. दोन्ही चालतात. मधला, म्हणजे सोफ्याचा फोम, चालत नाही, घनता कितीही वाढवा.

दोरा पॉलिस्टरचा, उन्हात टिकणारा. चेन प्लास्टिकच्या दातांची. पिना स्टेनलेसच्या, त्यातही ३१६ मिळाल्या तर उत्तम, कारण साध्या पिना खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये गंजतात आणि गंजाचे ओघळ बोटमालकाच्या पांढऱ्या फायबरवर उतरतात. शिवण शक्यतो बसायच्या भागावर घेऊ नका, कडेला खाली घ्या. वरच्या बाजूला डायमंड डिझाइन, बटण-टफ्टिंग वगैरे कितीही सुंदर दिसलं तरी करू नका. प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटं तळं. ग्राहक फोटो दाखवून हट्ट करेल. करू दे.

एक ताकीद मध्येच देतो. बंद छिद्रांचा फोम तरंगतो म्हणून ‘लाईफ सेफ्टी गादी’ असं काही कोटेशनवर लिहू नका. लाईफ जॅकेटची जागा गादी घेत नाही.

“पण सर, रेट वाढतो आणि समोरचा अर्ध्या भावात करून देतो.” हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. बरोबर आहे, देतो. म्हणूनच बोलून विकू नका, दाखवून विका. दोन छोट्या नमुना गाद्या बनवा, एक नेहमीसारखी, एक तुमच्या पद्धतीची. बोटमालकासमोर दोन्हींवर बादलीभर पाणी ओता, उभ्या करून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासी बॅग तोलायच्या हातकाट्याने वजन करा. तो काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. आकडा ग्राहकाला स्वतः वाचू द्या. तुम्ही गप्प राहा.

तरीही त्याला स्वस्तच हवं असेल तर? माझा सल्ला काहींना आवडणार नाही. त्याला वाईट गादी विकण्यापेक्षा फळीवर नुसती ईव्हीए शीट चिकटवून द्या. कमी पैसे, कमी मऊ, पण वास नाही. तेही परवडत नसेल तर उघडी फळी बरी, पर्यटक अर्ध्या तासाच्या फेरीत मरत नाही. नाव खराब करणारी ऑर्डर सोडायला शिकलं पाहिजे, आणि हे मी स्वतः उशिरा शिकलो.

गॅरंटीचं काय, हा त्याचा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, गॅरंटी दे, पण कशाची ते लिही. शिवण उसवली, चेन अडकली, पिना गंजल्या, तर माझी जबाबदारी. वास आला तर, गाद्या रोज संध्याकाळी उभ्या केल्या होत्या का आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतल्या होत्या का, हे आधी बघणार. त्यासाठी गाद्या सुट्या हव्यात. फळीला कायमच्या ठोकलेल्या गाद्या कोण उभ्या करणार? स्नॅप बटण किंवा वेल्क्रो द्या, खलाशाला दोन मिनिटांत काढता आल्या पाहिजेत. बोटमालकाला नुसतं सांगून भागत नाही, खलाशाला हातात धरून दाखवा. काम तो करतो.

आणि इथेच मला दुसरा धंदा दिसतो. कोकणात जून ते ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवतात. गाद्या कुठे जातात? बोटीतच, एकावर एक रचून, दमट अंधारात. सप्टेंबरमध्ये ताडपत्री काढली की जो वास येतो तो तुम्ही घेतलेला नसेल तर नशीबवान आहात. मे अखेरीला सगळ्या गाद्या उचलून आणायच्या, धुवायच्या, पाऊस लागायच्या आत उन्हात वाळवायच्या, फाटलं-उसवलं दुरुस्त करायचं, शेडमध्ये मांडणीवर उभ्या ठेवायच्या, अधूनमधून पंखा, आणि सप्टेंबरला बोटीवर परत बसवून द्यायच्या. नगामागे ठरलेला दर, अर्धे पैसे आधी. तुमचे रिकामे तीन महिने भरतात आणि कुठली गादी किती टिकली हे तुमच्या डोळ्यांसमोर राहतं. पुढची ऑर्डर कुणाला मिळेल, ते तुम्हीच ओळखा.

त्या मालवणच्या मित्राने जुन्या गाद्या स्वतःच्या खर्चाने उघडल्या. कव्हरं वाचली तेवढी वाचवली, फोम फेकला, तळाला जाळी लावली. अर्धी ऑर्डर त्याने फुकटात परत केली असं म्हणा. परवा त्याचा मेसेज आला. बोटमालकाने शेजारच्या दोन बोटींचं माप घ्यायला बोलावलंय, आणि या वेळी कोटेशनवर काय लिहू, असं विचारतोय. मी त्याला फक्त काट्याचा फोटो पाठवला.